वाचनालयात चालून दाखवलेली शीव

बा, आज शनिवार. वर्ग संपून अर्धा तास झाला, पण मी खुर्च्या अजून उचललेल्या नाहीत. आज एका म्हाताऱ्याने आत येताना आपली काठी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली, चपला काढल्या आणि उंबऱ्याला लावलेला हात कपाळाला लावला. मी म्हटलं, "बाबाजी, काठी आत आणा, इथं चालते." तो म्हणाला, "नाई जी. एवढी पुस्तकं हाय, काठी घेऊन कसा येऊ?" तूही असंच केलं होतंस. याच भिंतीला, याच जागी. वर्गभर माझं लक्ष त्या काठीकडे होतं, आणि लोकांना शिकवता शिकवता मी दोनदा वाक्य विसरलो.

तू हे वाचनालय एकदाच पाहिलंस. कोर्टामागच्या गल्लीतली लांबट खोली, तिन्ही भिंतींना लोखंडी फडताळं, त्यांत निकालांचे जाड खंड, मधे लांब टेबल. एका जुन्या वकीलसाहेबांनी आपली सगळी पुस्तकं दिली आणि अट घातली की आठवड्यातून एक दिवस हे दार वकिलांखेरीज बाकीच्यांसाठी उघडं राहील. म्हणून शनिवारचा वर्ग. सातबारा कसा वाचायचा, अर्जाची पोच कशी मागायची, पोलिसांनी कागद पुढं केला तर काय विचारायचं, वनहक्काचा दावा कसा भरायचा. मला आधी धूळ झटकायला आणि पुस्तकं जागेवर लावायला ठेवलं होतं. वर्ग वकील घेत. ते कोर्टाच्या मराठीत बोलत आणि आरमोरीकडची, एटापल्लीकडची माणसं मान हलवत ऐकत. वर्ग संपला की तीच माणसं दाराशी मला धरून विचारत, "भाऊ, साहेब काय बोलले?" मी कोणाला झाडीबोलीत सांगे, कोणाला गोंडीत सांगे. ते एक दिवस एका वकीलबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच घ्या की वर्ग." गावच्या शाळेत शिकलेला मी, त्या टेबलाच्या डोक्याशी उभा राहिलो. तुला निरोप पाठवला तेव्हा तू म्हणे दोन दिवस गावभर सांगत फिरलास, "माहा पोट्टा वकिलायले शिकवते." मी वकिलांना शिकवत नव्हतो. पण तुझं सांगणं मी दुरुस्त केलं नाही, मला ते गोड लागलं होतं.

वर्गात एक गोष्ट मी दर शनिवारी करून घेतो. मी विचारतो, "अंगठा देण्याआधी काय म्हणायचं?" आणि सगळी खोली एका आवाजात म्हणते, "वाचून दाखवा!" म्हाताऱ्या बायासुद्धा पदर सावरून म्हणतात आणि मग हसतात. बाहेर पानठेल्यावरची माणसं आता आम्हाला वाचूनदाखवावालेच म्हणतात. ते ऐकलं की लोकांना बरं वाटतं. मला काय वाटतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

आपल्या गावाचा वनहक्काचा दावा लिहायला घेतला ते वर्ष आठव. उत्तर, पूर्व, पश्चिम या शिवा सगळ्यांना ठाऊक होत्या. दक्षिणेची अख्खी शीव चाललेले दोघेच उरले होते, देवाची पूजा करणारा गायता आणि तू, आणि त्या पावसाळ्यात गायता गेला. मग पूजाही तुझ्याकडे आली आणि शीवही. दाव्यासोबत जाणत्या माणसाचा जबाब जोडायचा असतो, हे मीच तर गावोगाव शिकवत होतो. तू तीनदा निरोप धाडलास की ये, तुला शीव दाखवतो. आपल्याकडे शीव बसून सांगत नाहीत. चैतात पंडुम झालं, म्हणजे नव्या फळाचा पहिला घास देवाला गेला, की जाणता पुढं चालतो आणि शिकणारा मागं. दगड आला की दगडाला हात लावायचा, पाणी आलं की पाण्याला. जो चालला नाही त्याला शीव माहीत नाही, मग त्याने ती शंभरदा ऐकलेली असो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिन्ही वेळा मी उलट निरोप दिला की शनिवारी वर्ग आहे. खरं तर तुझा शेवटचा निरोप रविवारचा होता. रविवारी मी येऊ शकलो असतो. त्या रविवारी मी मेळाव्याचा फलक रंगवत बसलो होतो.

तो मेळावा जाणत्यांचा होता, याच खोलीत. निरनिराळ्या गावांचे म्हातारे बोलावून त्यांचे जबाब एका दिवसात लिहून घ्यायचे, ही कल्पना माझीच. साहेब लोक येणार होते, बाहेर मांडव होता, चहा होता. तू पहाटेच्या बसने आलास. पळसाच्या पानात बांधलेली चारं, चारोळीची फळं, आणली होतीस, पंडुम झालेली, म्हणजे मला खाता येतील अशी. मी ती मुठीत घेतली आणि कोणी बघायच्या आत टेबलाच्या खणात टाकली.

तुझी पाळी आली तेव्हा मी तुला म्हणालो, "बाबाजी, तुम्ही सांगा." सगळ्यांना म्हणत होतो तसंच. तू माझ्याकडे बघितलंस. आयुष्यात मी तुला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तूही मग तसाच बोललास, "सांगतो जी, गुरुजी." लोक हसले. मी पुन्हा म्हटलं, दक्षिणेची शीव सांगा.

"बसून?"

"हो, बसून सांगा. मी लिहितो."

"मले बसून नाई सांगता येत. पायाले याद हाय, तोंडाले नाई." आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "तुह्या कायद्याले पाय नाई का रे?"

आणि तू उठलास. दारापासून सुरुवात केलीस. हे फडताळ म्हणजे टेकडी, त्याला हात लावलास. इथून उतार. हा खांब म्हणजे दोन मोहांची जोडी, त्यालाही हात लावलास. निकालांच्या खंडांमधून तू वाकून चालत होतास, जसा झुडपांतून चालायचास. मागच्या खुर्चीवरचा एक म्हातारा ओरडला, "जपून रे बाप्पा, वाघ निंघन!" खोली हसली. तूही हसलास. पण साहेबांनी घड्याळ पाहिलं. अजून अकरा गावं बाकी होती. फडताळं आणि टेबल यांच्यामधे लांब लाल पट्टी अंथरलेली होती, पाहुण्यांसाठी. तिच्याशी येऊन तू थांबलास आणि म्हणालास, "हा नाला." मी गावाच्या नकाशावर वाकलो, नाला शोधला. निळी, स्वच्छ, सरळ रेघ होती. साहेब म्हणाले, "झालं ना? नाला. लिहा." आणि मी मान वर न करता म्हणालो, "बा, बस आता खाली. वेळ नाई. काऊन हसू करून घेतो?"

तू बसलास. लेकराला दटावल्यावर ते बसतं तसा. मी दोन ओळी लिहिल्या. शाईची गादी तुझ्यापुढं धरली. तू विचारलंस, "काय लिवलं?" मी म्हणालो, "तू सांगतलं तेच." तू अंगठा दिलास. माझ्यामागे भिंतीवर माझ्याच अक्षरात फलक होता, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. तुला तो वाचता येत नव्हता.

दावा मंजूर झाला. ग्रामसभेने मला पाहुणा म्हणून बोलावलं, गळ्यात हार घातला. याआधी कोणीच नकाशा नीट पाहिला नव्हता. दक्षिणेचं बुढ्याने सांगितलंय म्हणजे ठीकच असणार, असं सगळ्यांना वाटलं. आशावर्कर पोरगी उभी राहून मंजुरीचा कागद मोठ्याने वाचायला लागली आणि दक्षिणेस नाला म्हणून थांबली. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग बायांमधून आवाज आला, "अन पेनठाणा? पेनठाणा त नाल्यापलीकडं हाय ना?" आपला देव, त्याचं ऐनाचं झाड, त्याभोवतीचं रान, सगळं रेघेच्या बाहेर. सरपंचाने मागचे कागद काढले, जबाब काढला आणि तुझ्याकडे वळला. "हा तुहाच अंगठा ना गा? तूच त देला."

मी हार घालून उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, बा. तू एकदा जरी पाहिलं असतंस तर मी बोललो असतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तू उठलास आणि म्हणालास, "हो. मीच सांगतलो. भुललो. बुढा झालो आता." आणि बसलास. कोणीतरी म्हणालं, "ज्याले देवाची जागा याद नाई राहत, त्याले कायले पाठवलं?" मी गळ्यातल्या हारातली पाकळी काढली आणि बोटांत चुरत राहिलो.

पुढं दोन उन्हाळ्यांनी नाल्यापलीकडचं रान कटाईला गेलं. तोडणाऱ्यांचा दोष नव्हता. कागदात ते आपलं नव्हतंच. तू हात जोडलेस म्हणून त्यांनी ऐन तेवढा उभा ठेवला. त्या चैतात मी पंडुमला आलो तेव्हा तू त्या उघड्या माळावर एकटा पूजा करत होतास. बाकीचे नाल्याअलीकडे सावलीत उभे होते. देवापुढं हात तुझाच लागतो म्हणून तुला करू देत होते, पण तुझ्याशी कोणी बोलत नव्हतं. मीही नाला ओलांडला नाही. तू परत आलास, पाण्याने पाय धुतलेस आणि एवढंच म्हणालास, "देवाले ऊन लागते रे." रोवणीच्या दिवसांत तू गेलास. त्याआधी आपण दोघं शेजारी बसून कितीदा जेवलो. मी एकदाही विषय काढला नाही आणि तूही मला तो काढायला लावला नाहीस.

मी अजूनही पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालत नाही. रोज सकाळी वाचनालय उघडताना उंबऱ्याला हात लावतो. लोकांना वाटतं मी पुस्तकांच्या पाया पडतो. मी तुझी काठी जिथं टेकली होती तिथं बघत असतो. देवाची क्षमा कशी मागायची ते तू मला शिकवलं होतंस, पाणी आणि तांदूळ पुरतात. तुझी कशी मागायची ते कोणी शिकवलं नाही.

आता सांगायचं ते असं. नाल्यापलीकडच्या भागासाठी गाव पुन्हा अर्ज करणार आहे. उद्या ग्रामसभा आहे. मला गावाकडून चिठ्ठी आली, ती माझ्यापुढं आहे. "गेल्या वेळी बुढ्याची याद गेली होती, म्हणून घात झाला. यंदा तुम्ही स्वतः नीट लिहून द्यावे." ती वाचल्यापासून जेवण जात नाही. आणि आज त्या काठीवाल्या म्हाताऱ्याने वर्ग संपल्यावर मला थांबवलं आणि विचारलं, "गुरुजी, एक सांगा. आपलाच पोरगा लिहून रायला, तरी वाचून दाखव म्हणाचं का? त्याले राग नाई येनार?" मी म्हणालो, "म्हणायचं. त्यालेच आधी म्हणायचं." तो गेला, काठी घेऊन, आणि मी हे लिहायला बसलो.

मी उद्यासाठी जबाब लिहिला आहे. जाणत्याचा नाही, कारण मी चाललो नाही, मला शीव माहीत नाही. माझाच जबाब. माझे वडील भुलले नव्हते, त्यांना कागद वाचून दाखवला नव्हता, आणि ते काम माझं होतं, एवढंच त्यात आहे. तो मी सगळ्यांपुढं उभा राहून वाचणार आहे. मग लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत. शनिवारचा वर्ग यापुढं कोण घेईल, तेही पाहू.

हे पत्र मात्र कुठं नेणार नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि आता वाचून दाखवीन म्हटलं तर तूही नाहीस. ते तुझी चारं टाकली होती त्या खणात राहील. कारण एक गोष्ट त्या जबाबात लिहायला माझा हात धजला नाही. मी वर लिहिलं की तू पट्टीशी थांबलास तेव्हा मी नकाशावर वाकलो. वाकलो होतो, पण आधी नाही. आधी मी पाहिलं. तू नुसता थांबला नव्हतास, बा. नाला म्हणून तू धोतर गुडघ्यापर्यंत उचललंस आणि पाण्यातून जावं तसा जपून ती लाल पट्टी ओलांडलीस. लोक हसले, आणि मग मी खाली पाहिलं. पलीकडे तुझी दोन पावलं पडलेली मी पाहिली होती.