सव्वाचार एमबीचं घर

२ मार्च, रविवार. सकाळी ९.

आजपासून या कामाची नोंद ठेवणार. इंजिनिअर ठेवतात. मी इंजिनिअर नाही, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो. पण बावीस वर्षांत माझ्या हातून गेलेला काटा त्याच तक्रारीसाठी परत आलेला नाही. जे शिकलो ते पुस्तकं चाळून, कुणाचे पाय न धरता.

काम असं. हिला ऐकू येणं कमी झालंय. उजवा कान जवळजवळ गेला, डावा निम्मा. ही घरी शिवणकाम करते. बायका येतात, बेल दाबतात, हिला पत्ता नसतो, बायका निघून जातात. हिचं म्हणणं, बेल दाबली की लागेल असा एक दिवा बसवून द्या. कोपऱ्यावरचा वायरमन म्हणे दहा मिनिटांत बसवतो म्हणाला.

माझ्या घरात वायरमन. मी धडधाकट असताना.

माझी योजना: काड्यापेटीएवढा कॉम्प्युटर बोर्ड. बेल दाबली की शिवणयंत्रापाशी दिवा, स्वयंपाकघरात दिवा, शिवाय कोण किती वाजता आलं त्याची लेखी नोंद. लोक यावर तयार सिस्टिम टाकून मोकळे होतात. आठशे एमबी, एका दिव्यासाठी. एकट्या माणसाने झोपायला आख्खं थिएटर भाड्याने घ्यावं तसं.

मी रूट फाइलसिस्टम स्वतः बांधणार. यंत्र जागं झाल्यावर ज्या घरात डोळे उघडतं ते घर. त्यातली एकेक फाइल माझ्या ओळखीची असेल.

मुदत: पुढचा रविवार. जुनी बेल काढली. बटणाची वायर लागणार आहे.

४ मार्च, मंगळवार.

रिकामा फोल्डर घेतला. खोल्या पाडल्या. bin, dev, etc, lib, proc. चालू केलं. दोन सेकंदांत स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक'. पहिला प्रोग्रॅम सापडत नाही म्हणून यंत्राची बोबडी वळली.

हिने विचारलं, उठलं का तुमचं कार्टं? म्हटलं, उठलं आणि लगेच गचकलं. ऐकू आलं नाही. कागदावर लिहून दिलं. हसली.

९ मार्च, रविवार.

मुदत हुकली. माझी चूक नाही.

पहिला प्रोग्रॅम जागेवर ठेवला. नाव बरोबर, परवानग्या बरोबर. तरी यंत्र म्हणतं, सापडत नाही. मी डोळ्यांनी बघतोय, बोट ठेवून दाखवतोय, आणि हे म्हणतंय नाही.

एक बाई आपलं कापड परत घेऊन गेली. तीनदा हेलपाटा पडला म्हणे. ही म्हणाली, निदान जुनी बेल तरी परत लावा. मी दाखवून दिलं की जुनी बेल तुला ऐकूच येत नव्हती. तर म्हणाली, तुम्हाला यायची ना.

यावर उत्तर होतं. पण लिहून देईपर्यंत ही आत गेली.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी.

सापडलं. फाइल होतीच. तिला हाताला धरून उभी करणारी दुसरी फाइल लागते, ती मी ठेवली नव्हती. यंत्राने तक्रार केली पहिलीच्या नावाने, कमी होती दुसरी. पाच दिवस गेले, पण हे कुणा मास्तराने शिकवलं असतं तर असं हाडात मुरलं नसतं.

हिला तीन पानं लिहून समजावलं, आकृत्यांसह. सगळी वाचली. घडी घातली. म्हणाली, दिवा कधी लागेल?

मूळ मुद्दा लक्षात आलेला दिसत नाही.

१८ मार्च, मंगळवार.

हिने शिवणयंत्र मेहुणीकडे हलवलं. दोन गल्ल्या पलीकडे. साडू टेम्पो घेऊन आला होता. तिथे गिऱ्हाईक परत जात नाही, मेहुणी दार उघडते. ही सोबत गेली. कामं उरकेपर्यंत.

उत्तम निर्णय. मला टेबल मोकळं मिळालं.

घराची किल्ली फ्रिजवर विसरून गेली आहे. नीट ठेवून दिली.

२२ मार्च, शनिवार.

घर उभं राहिलं, पण आकार अकरा एमबी. मला सव्वाचार हवेत. सव्वाचारच का, असं कुणी विचारलं तर सांगेन: आतून वाटतं.

आजपासून सफाई. नियम एकच, लागत नाही ते काढायचं. परदेशी भाषा काढल्या. नेटवर्क काढलं. आवाजाची सगळी व्यवस्था काढली. जिच्यासाठी करतोय तिला ऐकू येत नाही, मग आवाज कशाला?

दुपारी मेहुणी येऊन हिचे कपडे, चष्मा, शिवणाचा डबा आणि उशी घेऊन गेली. उशीवरून बरंच काही कळतं. हिला परक्या उशीवर झोप लागत नाही. कायमचं राहायचं असतं तर नवीन घेतली असती. स्वतःची मागवली, याचा अर्थ मुक्काम तात्पुरता.

मेहुणीला म्हटलं, तिला सांग, अकरावरून नऊवर आलंय. मेहुणी म्हणाली, भाऊजी, नऊ काय? मी सांगू लागलो तर म्हणाली, राहू दे, गॅसवर दूध आहे.

३० मार्च, रविवार.

साडेपाच एमबी.

लेकीचा फोन. बाबा, आईला आणायला कधी जाताय? म्हटलं, अर्धवट काम घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहत नाही. सव्वाचार झालं, दिवा लागला, की जाऊन सांगायचं, चल, तयार आहे. लेक म्हणाली, बाबा, आईला एमबी कळत नाहीत. म्हटलं, कळायची गरजच नाही, बसल्या जागी दिवा दिसेल.

मग म्हणाली, जेवता ना वेळेवर?

जेवतो. कपाटात एक अख्खा कप्पा रिकामा झालाय, त्यात वायरी ठेवल्या.

संकल्प: पुढच्या रविवारी चालू. यात आता बदल नाही.

६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७.

झालं.

सकाळी ११.४० ला वीज दिली. ३.१ सेकंदांत यंत्र उभं. आकार सव्वाचार एमबी, वर एक ठिपका नाही. दारावरचं बटण जोडलं, नोंदवही सुरू केली. दिव्याचं जोडकाम राहिलंय. आधी नोंद बरोबर होते का ते तपासायचं, मग दिवा. कामाला क्रम असतो.

दिवसभर आतल्या खोलीत दार लावून दिव्याच्या सर्किटचं सोल्डरिंग केलं. धूर होतो म्हणून खिडकीतला घरघरणारा एक्झॉस्ट फॅन लावला होता. सहा वाजेपर्यंत मान वर केली नाही. इतका सलग, निवांत दिवस कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. कुणी फिरकलं नाही.

९ एप्रिल, बुधवार. दुपारी २.

यंत्र तीन दिवस अखंड चालू आहे. नोंदवही उघडली. सात नोंदी. म्हणजे बटण चालतं. माझं पहिल्या फटक्यात बरोबर आलं.

मग वाटलं, दाबलं कुणी?

या बोर्डात घड्याळ नाही. चालू केलं की ते १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतं. पहिली नोंद चार तास सदतीस मिनिटांची, सातवी चार तास एक्केचाळीसची. अकरा चाळीसमध्ये मिळवायचे. रविवारी दुपारी चार सतरा ते चार एकवीस. विक्रेता एकदा दाबतो, फार तर दोनदा. चार मिनिटं कोण थांबतं?

मेहुणीला फोन केला. उगाच, चौकशी म्हणून.

मेहुणी म्हणाली, भाऊजी, रविवारी ताई बॅग घेऊन आली होती की तुमच्याकडे. काखेत उशी. मी म्हटलं सोडायला येते, तर म्हणाली नको, माझंच घर आहे. बेल दाबली, दार ठोठावलं. खिडकीत पंखा फिरताना दिसला तिला. परत येऊन एवढंच म्हणाली, आत आहेत आणि उघडत नाहीत, म्हणजे उत्तर मिळालं.

मी म्हटलं, दिवा जोडायचा राहिला होता.

मेहुणी म्हणाली, बरं.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी ३.

आज गेलो. रिकाम्या हाताने नाही. नोंदींची छापील प्रत घेऊन गेलो. त्यावर सगळं स्पष्ट आहे: बेल वाजण्याची सोयच नव्हती, दिवा जोडलेला नव्हता, मला कळणं शक्य नव्हतं. हेतूचा प्रश्नच नाही. पुराव्यापुढे माणूस काय बोलणार?

मेहुणीच्या दारात बेलसोबत दिवा लागतो. वायरमनने बसवलाय. वायर भिंतीवरून उघडीच नेली आहे, क्लिपाही सरळ नाहीत. ही गळ्यात टेप घेऊन आली, बसा म्हणाली, चहा ठेवला.

कागद दिला. चष्मा लावून सावकाश वाचला. मग म्हणाली, इथे सात आहेत. मी आठ वेळा दाबली होती.

म्हटलं, सात.

तर म्हणाली, शेवटची दोनदा लागोपाठ दाबली. आपली नेहमीची. लग्न झाल्यापासून मी तशीच दाबते, म्हणजे तुम्हाला कळतं की मीच आहे. म्हटलं त्याला तरी उठतील.

मी सांगितलं, माणूस चुकतो, नोंद चुकत नाही. हिला नीट ऐकू आलं नाही म्हणून कागदाच्या मागे लिहून दिलं, का चुकू शकत नाही ते, चार ओळींत. वाचलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बरं, सात.

चहाचा कप उचलून आत नेला. शिवणयंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. थोडा वेळ बसलो, मग निघालो. मुद्दा निकालात निघाला, हे एक बरं झालं.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.

खात्रीसाठी प्रोग्रॅम उघडून बघितला.

स्वस्तातलं बटण थरथरतं. एकदा दाबलं तरी यंत्राला दोनदा वाटतं. त्यासाठी मीच एक ओळ घातली होती: अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरी बेल आली तर मोजायची नाही. वर टीपही माझीच आहे. 'ही दुसरी खरी नसते. टाकून द्यावी.'

आठ.

सांगायला फोन उचलला. नंबर लावला, मग आठवलं की फोनवर हिला काही ऐकू येत नाही.