दोन दिसलेली पायरी

मंगळवार, संध्याकाळ. आष्टा.

बाजारातला तयार चष्मा मला खरा कितीला पडला? दोन महिने अर्धं डोकं ठणकलं, स्कूटर चालवणं सुटलं, आणि आज मांडव बांधताना शिडीची पायरी दोन जागी दिसली. सगळा मांडव गरगरला. शिडीला मिठी मारून उभा राहिलो. गड्यांना म्हटलं, ऊन लागलं. मनात मात्र एकच, डोक्यात गाठ तर नसेल?

तसाच सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हणाल्या, "काका, तुमच्या दोन डोळ्यांचे नंबर वेगळे, उजव्याचा तिरका. तयार चष्म्याच्या काचा सारख्या. दोन्ही डोळ्यांचं जमवताना डोकं दुखतं, चक्कर येते, तोल जातो." मग हळूच, "नव्या चष्म्यानं थांबलं नाही तर डोक्याचा फोटो काढू." मला एवढंच ऐकू आलं.

भीती झाकायला बोललो, "बाई, मी मांडववाला. खांब सरळ हाय का न्हाई ते नुसत्या नजरेनं सांगतो. दोरीचा ओळंबा लागत न्हाई."

मांडवावर परतलो तर पडद्याआड गडी बोलत होते. माझे कान तिखट.

"उद्या मालक शिडीवर चढलं तर?"

"चढू द्यायचं न्हाई, गड्या. पडलं म्हंजे?"

म्हणजे त्यांनाही दिसलं. पडद्याला कान लावला. उद्या चढायचं का? ती पायरी अजून डोळ्यांपुढं दोनच दिसते. आणि ती गाठ...

"आन खांब?"

"न्हेमीगत. मालक घरला गेलं की ओळंबा लावू."