गोळ्यांची शेगडी

११ जानेवारी १९७४, शुक्रवार

माफ कर. दिवाळीनंतर तुला उघडलंच नाही. उघडलं असतं तर 'शामला सावनेरला गेली' असं लिहावं लागलं असतं, आणि लिहिलं की ते पक्कं होतं असं उगाच वाटत होतं. आता लिहिलं. भाऊबिजेला माहेरी गेली ती तिकडेच आहे. कारण — शेगडीचा धूर. तिला दम लागतो. तिचा भाऊ देवराव स्वतः येऊन सांगून गेला, "भाऊजी, हवा सुधरेपर्यंत राहू द्या तिले."

शेगडी माझीच. रॉकेलच्या रांगा नकोत म्हणून गेल्या उन्हाळ्यात मीच नकाशा काढून टिनवाल्याकडून करवून घेतली. वर भुशाचा डबा, त्याला उतरती पन्हळ. जळेल तसा भुसा आपोआप खाली यावा. येत नाही! अडकतो, मग एकदम ढिगाने कोसळतो. आग दबते आणि सगळा धूर घरात.

म्हणजे कारण ठाऊक आहे. कारण ठाऊक असून मी इतके दिवस खानावळीत जेवलो. का? थकवा म्हणावं, तर शाळेचं एकही काम राहिलेलं नाही.

१३ जानेवारी

रविवार. भुसा लकडगंजला लाकूड कापायच्या आरा मशीनवरून आणलेला. मुठीत दाबला तर तसाच राहतो, म्हणजे दमट. अंगणात गोणपाटावर वाळत घातला. पन्हळीला आतून गंज होता, तो घासून काढला. संध्याकाळी पेटवली. सुरुवातीला उत्तम. मग भुशाने आत कमान धरली. खाली पोकळी, वर सगळा तसाच लटकलेला. डब्याला टिचकी मारली आणि सगळं खाली!

शेजारच्या रुखमाबाई भिंतीवरून — "मास्तर, मच्छर मारून राहिले का सयपाक करून राहिले?"

"दोन्ही नाही," म्हटलं.

खूप हसल्या. बऱ्याच दिवसांनी या घरात कोणी हसलं. घरात नव्हे, भिंतीपलीकडे.

१४ जानेवारी

संक्रांत. रुखमाबाई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांची बहीण सावनेरला देवरावच्याच गल्लीत राहते. "वहिनी बऱ्या हायेत म्हने. माही बहीन आल्याचा रस नेऊन देते त्याइले."

"खोकला कमी आहे?"

"थे काही बोलली नाही बा."

तिळगूळ डब्यात ठेवला. दोन वाट्या काढल्या होत्या, एक परत ठेवली.

१६ जानेवारी

हेडमास्तरांनी विचारलं, "काय, घरच्या बऱ्या आहेत ना?" मी 'हो' म्हणालो. मग वर्गात लक्ष लागेना. मला कुठे माहीत आहे? ऐकीव गोष्टीवर मी 'हो' म्हणालो. मधल्या सुट्टीत जाऊन सांगितलं, "सर, खरं तर मला नक्की माहीत नाही." ते चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

हा प्रामाणिकपणा की खाज? ठरवता आलं नाही.

१९ जानेवारी

भुसा घसरत नाही, कारण तो भुसा आहे. कण कणात अडकतो. ज्वारी घसरते, चणे घसरतात. मग भुसा आणि शेणकाला कालवून बोराएवढ्या गोळ्या केल्या तर? हे सुचायला इतके दिवस लागावेत!

२० जानेवारी

सकाळपासून गोळ्या. रुखमाबाई भिंतीशी — "कोनाच्या लग्नाचे लाडू होय जी हे?" मी समजावून सांगितलं. त्या सरळ फाटकातून आत आल्या, पदर खोचला आणि वळायला बसल्या. "वहिनी आल्या का सांगीन, तुमच्या मास्तरनं लाडू वळले म्हनून. हासून हासून पुरेवाट होईन त्याइची."

गप्पा मारत त्यांनी अर्धी परात संपवली. पण घाईने वळतात, लांबट होतात. लांबट गोळी पन्हळीत आडवी बसेल. मी त्यांच्या गोळ्या मोडून पुन्हा वळत होतो. त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग, "राहू द्या मंग, तुम्हीच करा," म्हणाल्या, आणि हात धुऊन गेल्या.

वाईट वाटलं असेल का? पण लांबट गोळी अडकते हे खरंच आहे.

दुपार मोठी गेली.

२७ जानेवारी

गोळ्या कडकडीत वाळल्या. तरी अडकल्या! लहान गोळ्या मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि पन्हळीच्या तोंडाशी पाचर होते. सगळ्या चाळल्या. लहान वेगळ्या, चुरा वेगळा. पन्हळीचं तोंड कापून रुंद केलं, उतार वाढवला. बोट कापलं. चिंधी कुठे ठेवलेली असते ते माहीत नाही. रुमाल बांधला.

२९ जानेवारी

एकदाही अडकली नाही. धूर नाही. वरण शिजलं. ताट वाढून घेतल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

३० जानेवारी

सावनेरला कार्ड टाकलं. 'धूर गेला. ये.' आधी 'ये'पुढे उद्गारचिन्ह होतं. ते खोडलं. खोडाखोड बरी दिसेना म्हणून दुसरं कार्ड घेतलं.

३ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या बसने आली. देवराव सोबत. तो बाहेर ओट्यावरच बसला, "तुमचं चालू द्या."

शेगडी पेटवली. गोळ्या एकेक करून उतरत होत्या, ठरल्यासारख्या. रुखमाबाई भिंतीवरून बघत होत्या — "झाला का नाही इलाज! आता काही बहाना नाही वं वहिनी तुले!" शामला हसली. बरी दिसते. गालावर मांस आलंय.

भात तिनेच लावला. डब्यात गोळ्या भरल्या. त्या एका बाजूला जास्त झाल्या होत्या, म्हणून मी झाकण काढून सारख्या केल्या. वर बघितलं तर ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत होती.

"मले धुराचा तरास कधीच नव्हता," म्हणाली.

"पण देवराव तर —"

"त्याले मीच तसं सांगितलं. तिकडं शेजारनी इचारतात, काहून राहिली माहेरी? दम लागते म्हटलं का गप बसतात. वरून आल्याचा रस आनून देतात." पुन्हा हसली, पण वेगळं. "मी शेगडी भरली का तुम्ही उपसून पुन्हा भरत होते. मी घडी घातली का मोडून पुन्हा घालत होते. रागावले कधीच नाही. रागावले असते तं भांडली असती, मोकळी झाली असती."

गोळ्या उतरत होत्या. टक्. टक्.

"आता धूर बी घालवला तुम्ही. आता मी लोकांले काय सांगू?"

'तू परत येणार नाहीस का' हे विचारायचं होतं. विचारलं, "भात झाला का?" झाला होता. तिघं जेवलो. भात छान मोकळा होता. तेही सांगायचं राहिलं. दुपारच्या बसने दोघं गेले. मी स्टँडपर्यंत गेलो. खिडकीतून ती म्हणाली, "बोटाले हळद लावा." बस सुटली.

४ फेब्रुवारी

रुखमाबाई दोनदा भिंतीशी आल्या. "काहून गेल्या जी वहिनी परत? आता तं धूर बी नाही." मी नळ आल्याचं निमित्त करून आत आलो. उद्या दुपारी त्या बहिणीकडे सावनेरला निघणार आहेत.

उद्या : त्या निघायच्या आत त्यांना सांगणे — शेगडी पुन्हा धुरायला लागली.