दक्षिणेच्या भिंतीची भेग

अमरावती, १४ मे

आदरणीय श्यामराव,

सप्रेम नमस्कार. अकोल्याचे तापमान वर्तमानपत्रात रोज पाहतो आणि आपल्या रक्तदाबाची काळजी वाटते. दीपमालाताई कुशल असतीलच. वच्छला गेले अकरा दिवस बहिणीकडे, म्हणजे आपल्याच घरी आहे. परंतु हे पत्र तिच्याविषयी नसून आमच्या दक्षिणेच्या भिंतीला पडलेल्या भेगेविषयी आहे. (फोनवर इतके सविस्तर सांगता येत नाही, शिवाय तो तीच उचलते आणि तीच ठेवते.)

प्रथम पार्श्वभूमी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थर पसरले. त्या खडकाची झीज होऊन आपली काळी माती झाली. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. कपाशीला हे मानवते. आपण मात्र तिच्यावर पक्की घरे बांधली. त्यात वच्छलेचे झेंडूचे वाफे नेमके दक्षिण भिंतीलगत. तेथे रोज पाणी, उरलेल्या तीन बाजू कोरड्या. या ओढाताणीत भिंत चिरली, चार मिलिमीटर. मी भेगेशेजारी पेन्सिलीने तारीखवार नोंदी सुरू केल्या आणि कारणमीमांसा तिला फळ्यावर आकृती काढून समजावली (सदतीस वर्षे भूगोल शिकवल्याने फळा घरात आहेच). ती म्हणाली, "साडेसहा कोटी वर्सं काई झालं नाई, अन् माह्या झेंडूनंच भिंत फाडली काहून?" प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या उत्तम होता. मी उत्तर दिले, ही पहिली चूक. ती कौंडण्यपूरला दर्शनाला गेली असता वाफे उपटले, ही दुसरी.

मग तेथील फुगलेली माती झपाट्याने वाळली, कोपरा खचला आणि भेग अकरा मिलिमीटर झाली. ही नोंद मी तिला उत्साहाने दाखवली. (तिसरी.) आता भेगेतून शेजारच्या नसीमबानोंचा कूलर दिसतो. गवंडी अब्दुल रहीम येऊन पाहून गेले. म्हणाले, "गुरुजी, पानी द्याचं तं चारी बाजूनं द्या, नाई तं कुठंच नोका देऊ. भेग मी भरतो, पन पह्यले भाभीले आना."

पाऊस तीन आठवड्यांवर आहे. माती पुन्हा फुगेल; भिंत कोणत्या दिशेने जाईल, हे मला सांगता येत नाही, आणि असे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे.

उन्हात बाहेर पडू नये. उत्तर मात्र धाडावे.

आपला साडू,
ओमप्रकाश

ता.क. घराच्या चारी बाजूंना झेंडू लावला आहे. रोपांनी माना टाकल्या आहेत. पाणी किती द्यायचे, ते वच्छलेला विचारून कळवावे. माझे नाव सांगू नये.

ता.क. २. नाव सांगितले तरी चालेल. अकरा मिलिमीटरची नोंद ३ मेची, आणि ती शेवटची. तिच्याखाली वच्छलेने माझ्याच पेन्सिलीने लिहिले आहे, "मी अकोल्याले जाऊन राहिली. आता हे मोजा." तेव्हापासून मी पट्टी हातात घेतलेली नाही.