बिरदेवला सायकलच बरी

ती. मंगलआत्तीच्या पायांवर सांगलीहून मल्हारचं डोकं.

इथं आमी समदे खुशाल हाय. तुझा गुडघा आता कसा हाय? मामांचा खोकला हटला का? फोनच केला असता, पर आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललं की पलीकडच्या माणसाआधी आबाच उत्तर देत्यात (तुझाच भाऊ, तुला काय सांगायचं!). म्हणून पत्र.

तर आत्ती, तुझ्या बिरदेवला विश्रामबागेत नोकरी लागली, लय आनंद झाला. तो आमच्याच गल्लीत खोली घेणार, हेबी झ्याक. पर तू म्हणालीस, मल्हार आन् प्रांजल नवराबायको रोज चारचाकी गाडीनं तिकडंच कामाला जात्यात, तवा पोराला मागच्या सीटवर बसवून न्या. एवढं एक सोडून काय बी सांग. त्यानं सायकलनंच जावं. माझी सायकल मी त्याला देतो, तेलपाणी करून देतो.

आत्ती, गावभागातनं विश्रामबागेला सायकल गाडीच्या आधी पोचती. मी परवा स्वतः जाऊन बघितलं (प्रांजलला सुट्टी होती). निघालो न्हाई तोवर पँटची मोहरी चेनमध्ये अडकली. ती सोडवत रस्त्याकडंला बसलो, तर जो तो थांबून दबक्या आवाजात विचारतोय, गाडी इकली व्हय? एकानं तर पाठीवर हात ठेवून धीर दिला. पायाला ग्रीस फासून ऑफिसात पोचलो, तर साहेबाच्याबी आधी! साहेबानं काळजीनं तब्येत विचारली. तरीबी सांगतो, सायकलनं भूक चांगली लागती, गाडी लावायला जागा हुडकावी लागत न्हाई. मग तू का गाडीत बसतोस, असं विचारशील. माझी पाठ जरा दुखती, म्हणून.

तुझा लाडका भाचा,
मल्हार

ता. क. : पाठ दुखत न्हाई.

आणखी ता. क. : खरं सांगतो, हसू नको. घरात आईआबांसमोर प्रांजल मला "आवं" म्हणती. गाडी ती चालवती, आन् गल्लीचं वळण गेलं की मी "मल्हार" होतो. मग ऑफिसातली भांडणं, तिच्या आईची आठवण, समदं बाहेर येतं. कवा सिग्नललाच रडती, कवा हसती. म्हणून आमी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जातो. बिरदेव मागं बसला की तिथंबी "आवं"च. मला लय जड जाईल गं.

शेवटचं ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी प्रांजलनं पत्र वाचलं. वाचून आत गेली. आबा पेपर वाचत बसलेले, आन् स्वयंपाकघरातनं मोठ्यांदा हाक आली, "मल्हार, बिरदेवला गाडीतनंच न्यायचं म्हणून लिही!" मी गारच पडलो. आबांनी तोंडापुढचा पेपर न हलवता सांगितलं, "आरं, बोलावतीया न्हवं ती? जा की!"

तवा बिरदेवला गाडीतनंच नेतो. आता आत जाऊन येतो.