कपाटामागची मुलगी

ता. ४ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. मनातून आज शिव्याच येताहेत.

अप्पांनी काढलेलं चित्र मिळालं. तेलरंगाचं चित्र चौकटीतून काढून, रंगाची बाजू आत घेऊन, चटईसारखं गुंडाळून प्लास्टिकमध्ये आवळायचं, ही अक्कल कुठून आणलीस? फ्रेमचं दुकान चालवतोस ना रे? गुंडाळायचंच झालं तर रंग बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळतात. हे मला, लोकांचे दात काढणाऱ्या बाईला, आता कळलं. आणि वर तुझी चिठ्ठी, की अर्ध्या बटाट्याने पुसून लख्ख केलंय आणि बटाटा काळा झाला इतका मळ निघाला! तो मळ नव्हता, ठोंब्या. तो रंग होता.

माझ्या दवाखान्यात दाढ दाखवायला येणाऱ्या एक बाई संग्रहालयात जुन्या चित्रांची दुरुस्ती करतात. त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की मी कधी न बघितलेलं अप्पांचं हे काम कुठल्या काळातलं आणि त्याची निगा कशी राखायची. त्यांनी आधी माझीच खरडपट्टी काढली. मग बटाट्याने घासलेल्या जागी बोट दाखवून म्हणाल्या, की या कपाटाच्या दाराला कोपर कसं फुटलं?

त्यांच्याकडे वरच्या रंगाखालचं दाखवणारा कॅमेरा आहे. त्यातून बघितलं. चित्रात आईच्या डाव्या बाजूला ते तपकिरी कपाट आहे ना, त्याच्यामागे एक मुलगी उभी आहे. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, आईचं बोट धरलेलं. ती मी आहे. उजवीकडे मांडीवर तू आहेस, तू मात्र जागच्या जागी.

मी मनाजोगतं लग्न केलं म्हणून अप्पांनी मला घराबाहेर काढलं, ते मी सोसलं. पण चित्रातूनही काढलं? आणि तेच चित्र मरताना माझ्या नावावर केलं? हा कुठला सूड म्हणायचा? मी बाईंना सांगितलंय, कपाट पुसून टाका. येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी त्या काम हाती घेणार आहेत.

आईला जप. बाकी काय लिहू?

तुझी ताई


ता. ८ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि दोन काचा चुकीच्या मापाच्या कापल्या. नुकसान तुझ्या नावावर मांडून ठेवतो.

बटाट्याचं मान्य. कान धरतो. दुकानात आम्ही छापील चित्रांच्या काचा तशाच पुसतो, तोच हात गेला. पण पुढचं तू जे लिहिलंस ते मला अजिबात पटलं नाही, आणि लहान असलो तरी आज सांगणार. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कुशीवर वळवायला मी होतो. त्यांचं खाणं, औषधं, चिडचिड, सगळं मी काढलं. तू दुरून रागावत होतीस. राग दुरून धरायला सोपा जातो. मला दुकानाची जागा मिळाली ती गळक्या छपरासकट, तुला त्यांचं एकुलतं एक धड चित्र मिळालं, आणि तरी सूड तुझ्यावरच?

आता डोकं शांत ठेवून एक बघ. ते कपाट वाकडं आहे. त्याचे खण एकीकडे कलतात आणि दार दुसरीकडे. अप्पांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. वाकडी खुर्ची काढली म्हणून माझ्या पाठीत पट्टी मारलेला माणूस असलं कपाट काढील? ते त्यांचं नाही. शाळेत असल्यापासून मी ते तसंच बघत आलो, म्हणून कधी डोळ्यांत भरलं नाही.

तेव्हा पुसायची घाई करू नकोस. कोणी काढलं ते आधी कळू दे.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. कपाटापाशी आलो तशी ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी अवाक्षर बोललेली नाही. तशी ती कधी फारशी बोलते म्हणा!

राग निवळला की लोभ पाठव, नाहीतर रागच पाठव, पण पत्र पाठव.

तुझा,
ठोंब्या


ता. १२ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. आ.

उत्तम हा शब्द मुद्दाम गाळला आहे.

मी दुरून रागावत होते? अप्पांचा ‘येऊ नकोस’ हा निरोप तूच आणला होतास. विसरलास?

कपाटाचं म्हणालास ते मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, उलट मान डोलावली. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून त्यांनी जिभेवर ओला केला आणि कपाटाच्या कोपऱ्यावरून फिरवला. थुंकीने पुसतात, चेष्टा नाही, सौम्य असते म्हणून. बोळा तपकिरी झाला. खालचं वॉर्निश जसंच्या तसं. म्हणजे कपाट तेलरंगाचं नाहीच. पाण्यात कालवायचे, शाळकरी पोरांचे रंग आहेत ते.

शाळकरी पोर घरात कोण होतं, ते मी सांगायला हवं? मी गेल्यावर अप्पांची मर्जी राखायला तूच हे केलंस. आणि आता वर मला शहाणपण शिकवतोस, की कोणी काढलं ते कळू दे! शुक्रवारी मी कपाट पुसून घेणार आणि चित्र माझ्याकडे ठेवणार. तुला बघायला मिळणार नाही.

ताई


ता. १५ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. तो इथून लागत नाही म्हणून लिहून पाठवते.

धाकट्याच्या अंगावर का जातेस? ते कपाट मी काढलं.

तुम्हा दोघांच्या जुन्या फोटोवरून ह्यांनी ते चित्र गुपचूप रंगवलं होतं, तुम्हाला दाखवायचं राहिलं होतं. तू गेलीस त्या संध्याकाळी ह्यांनी रंग खरवडायची सुरी घेतली आणि चित्रासमोर उभे राहिले. म्हणाले, हिला काढून टाकतो. मी मध्ये जाऊन उभी राहिले. सांगितलं, की खरवडलंत तर मीही या घरात राहणार नाही. नजरेसमोर नको असेल तर झाकू या, आणि झाकणार मी. धाकट्याच्या दप्तरातले रंग घेतले. जन्मात कधी ब्रश धरला नव्हता, कपाट वाकडं नाही येणार तर काय? रंग वॉर्निशवर ठरेना, थेंब होऊन ओघळायला लागला. हे मागे खुर्चीत बसून बघत होते. शेवटी म्हणाले, त्यात साबणाचा थेंब टाक, म्हणजे धरेल.

कळलं का तुला? साऱ्या जन्माचे चित्रकलेचे मास्तर. तो रंग ओल्या फडक्याने निघतो, हे काय मी त्यांना सांगायचं होतं? त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर मी वाट बघत बसले, की आज ना उद्या उठतील आणि पुसतील. एका फडक्याचं काम. मी स्वतः पुसलं असतं, पण मला ते त्यांच्याच हातून झालेलं हवं होतं. नाही केलं. मरताना चित्र तुझ्या नावावर करून तेही काम लेकीवरच ढकलून गेले, आणि लोक म्हणतात केवढं मोठं मन! डोंबलाचं मोठं मन!

तू रागाव, मी नको म्हणत नाही. पण झाकलं म्हणून रागावू नकोस. झाकलं म्हणून तर तू शाबूत राहिलीस. पुसलं नाही म्हणून रागाव. मीही त्यासाठीच रागावले आहे, आणि ते गेले म्हणून माझा राग गेलेला नाही.

बाईंना सांग, माझ्याशिवाय चित्राला हात लावायचा नाही. धाकटा मला घेऊन येतोय. त्याची माफी माग, तोंडदेखली नको, नीट माग.

तुला मुलगी झाल्याचं पत्र धाकट्याच्या दुकानावर आलं, त्या दिवशी मी फडकं ओलं करून, पिळून ह्यांच्या हातात दिलं आणि चित्राकडे बोट केलं. त्यांनी फडक्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. मग चष्मा काढून तो पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वर्तमानपत्र उघडलं. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले, अगदी शेवटपर्यंत. तुम्हा पोरांना वाटत आलं, की आई मुळातच अबोल आहे.

शुक्रवारी येते. पुष्कळ बोलायचं आहे.

तुझी,
आई