सामाईक प्रत

४ जानेवारी १९८८
रामदासपेठेतल्या या दवाखान्यात आजपासून मी प्रोग्रामर! खोलीला एसी आहे, अर्थात माझ्यासाठी नाही, यंत्रासाठी. सगळे चपला बाहेर काढून आत येतात. आमचे मुख्य चंपतराव भला माणूस दिसतो. शामलाला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण कन्हानला, माहेरीच, असं सासूबाईंचं टुमणं होतं. मी ऐकतोय होय! इथंच करायचं.

८ जानेवारी
डिस्क भरत आलीय, आणि कारण मोठं गमतीचं. नेहमीची कामं करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा संच, म्हणजे लायब्ररी, प्रत्येक मोठ्या प्रोग्रामने आपापल्या पोटात उतरवून घेतलाय. घरोघरी टाकी कशाला, चौकात एक नळ पुरे! मी एकच सामाईक प्रत ठेवली आणि सगळे तिला जोडले. त्यात रक्तगटांची यादी होती: ओ, ए, बी, एबी. कुठल्या शहाण्याने लावली कोण जाणे. मी ती ए, बी, एबी, ओ अशी शिस्तीत लावली. फाईलमध्ये यादीतला फक्त क्रमांक जातो, आणि रुग्णांची कार्डं भरणं आजपासूनच सुरू होतंय. चंपतरावांनी खूश होऊन चहा पाजला.

११ जानेवारी
शामलाचं कार्ड मीच भरलं. गट ओ, म्हणजे नव्या यादीत चार.

१९ जानेवारी
इंदूबाई नावाची बाळंतीण गेली. रक्त चढवलं आणि थंडी भरून आली, तासाभरात संपली. तिचा गट ओ, बाटली एबीची. संगणकाची चिठ्ठी असली की पुन्हा तपासणी नको, हा चंपतरावांचाच हुकूम. पण सगळे तुटून पडले प्रेमिला सिस्टरवर. ती रडत माझ्याकडे आली. "चिठ्ठीवर होतं तेच लावलं न जी. मले काहून बोलून राहिले?"

२० जानेवारी
सापडलं. बाटलीची चिठ्ठी छापणारा प्रोग्राम जोडायचा राहिला होता. त्याचा मूळ मजकूर असलेली टेपच मिळाली नव्हती, आणि तिच्याशिवाय जोडता येत नाही. त्याच्या पोटात अजून जुनीच प्रत, जुनीच यादी. त्याला चार म्हणजे एबी.
आठ तारखेपासूनचं प्रत्येक कार्ड तो चुकीचं वाचणार. सांगितलं तर नोकरी जाईल. कदाचित तुरुंगही.
शामलाच्या कार्डावरचा चार काढून एक केला; जुन्या यादीत ओ पहिला. फक्त तिच्याच. बाकीच्यांना हात लावला तर कुणीतरी विचारेल. मी नीच आहे.

२५ जानेवारी
आणखी एक. यमुताई. प्रेमिलाला काढून टाकलं. मी डबा खाल्ला.

२ फेब्रुवारी, दुपार
शामलाला एकाएकी रक्त जायला लागलं — आत नेलंय. बाटली मागवलीय. बाहेर बाकावर बसलोय, वेळ जात नाही म्हणून लिहितोय. तिचं कार्ड बरोबर आहे. बरोबर आहे.

चंपतराव आले. पाठ थोपटली. म्हणाले, ती हरवलेली टेप कपाटामागे मिळाली, काल तोही प्रोग्राम तुमच्याच प्रतीला जोडून टाकला —

म्हणजे आता एक म्हणजे ए. सगळ्यांचं बरोबर झालं. तिचं एकटीचं —

चंपतराव शेजारीच बसलेत. सांगायला हवं. पण मग इंदूबाई, यमुताई, सगळंच — एक मिनिट. नीट शब्द जुळवतो. क्रमांक कसा बदलला म्हणू? टायपिंगची चूक म्हटलं तर —

बाटली आत गेली.

सांगतो. फक्त टायपिंगची चूक एवढंच —